पेटीवरचा पत्ता

फेब्रुवारी २०२५ ची गोष्ट. रमजान तोंडावर आला होता. रात्री जेवायला बसलो असताना बातम्यांत घाना देशातलं तमाले शहर दिसलं.

मुंबईच्या एका कंपनीच्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकल्या जात होत्या. टॅपेन्टाडॉल हे अफूसारखं काम करणारं, पण कारखान्यात बनणारं वेदनाशामक. कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारं औषध. दोन्ही एकाच गोळीत. जास्त घेतली तर श्वास मंदावतो, माणूस झोपेतच जातो. २०१८ साली भारताने ट्रॅमाडॉलला अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं, त्यानंतर बाजारात ही नवी गोळी शिरली. तमालेत बहुसंख्य वस्ती मुसलमानांची. तिथले लोक स्वतःच पथक करून गोळ्या पकडत होते, जाळत होते.

आमचा धाकटा पालघरकडे एका औषध कारखान्यात पॅकिंगला आहे. त्याचा घास हातातच राहिला.

"आमच्याकडे हे बनत नाही, अब्बा," तो म्हणाला. मग हळूच, "पण पेट्या कुठे जातात, मी कधी विचारलं नाही."

अम्मी म्हणाल्या, "माझं हाड मोडलं तेव्हा डॉक्टरांनी टॅपेन्टाडॉलच दिली होती ना?" खरं होतं. नुसती तीच, पाच दिवस, मोजून. तिच्यामुळे त्यांना झोप लागली म्हणून आम्ही अल्लाहचे आभार मानले होते. मापात होती तोवर ती नेमत होती.

दुसऱ्या दिवशी मुलाने सुपरवायझरना विचारलं. उत्तर मिळालं, "तुझं काम पेटी चिकटवणं."

पुढे त्या कंपनीवर छापा पडला, सरकारने या मिश्रणाच्या निर्यातीच्या परवानग्या मागे घ्यायला सांगितलं. हायसं वाटलं, पण मनातली टोचणी गेली नाही. नशा हराम, हे आम्ही मुलांना शिकवलं. आपल्या हातांनी बांधलेली पेटी दुसऱ्याच्या मुलाला मारू शकते, हे शिकवायचं राहून गेलं होतं.

नोकरी त्याने सोडली नाही. घर तिच्यावर चालतं. पण आता तो पेटीवरचं औषधाचं नाव आणि पत्ता वाचतो. रोज संध्याकाळी आम्ही विचारतो, "आज माल कुठे गेला?" तो सांगतो. ज्या दिवशी त्याला सांगता येणार नाही, त्या दिवसापासून तो पगार घरात घ्यायचा नाही, हे आम्ही तिघांनी मिळून ठरवलं आहे. अम्मींनी ते ऐकून फक्त मान हलवली.