उजेड दिसतो तिथे

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी माणसाने पुन्हा मुळाक्षरे गिरवायला बसावे, ह्यासारखा विनोद घरातल्या मंडळींना दुसरा नाही. गेल्या वर्षी संक्रांत झाल्यावर मी पहाटे बोरू घेऊन मोडी गिरवू लागलो. आमच्या सौभाग्यवतींनी पहिले चार दिवस ते कौतुकाने पाहिले, पाचव्या दिवशी शेजारणीला सांगितले आणि सहाव्या दिवशी मला विचारले, "अहो, पोरांच्या वह्या तपासायच्या राहिल्यात, त्या कोण तपासणार?" धाकट्या मुलीने तर माझ्या पानाखाली लाल शाईने शेरा मारला : 'अक्षर सुधारा.' वीस-बावीस वर्षे मी मुलांच्या वह्यांवर हाच शेरा लिहीत आलो आहे. तो स्वतःच्या पानावर वाचताना कसा लागतो, ते त्या दिवशी कळले.

ह्या उद्योगाचे कारण आमच्या पत्र्याच्या ट्रंकेत होते. तांबड्या फडक्यात बांधलेला जुन्या कागदांचा एक रुमाल, आणि त्यात घडीवर जीर्ण झालेला एक मोडी कागद. माझे वडील, आबा, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्या लहानपणापासून घरात एकच गोष्ट सांगितली जात असे : आजोबांच्या धाकट्या भावाने आमची विहीर गिळली, आणि ते सगळे त्या कागदात लिहिलेले आहे. कागद वाचता मात्र कुणालाच येत नव्हता.

त्या धाकट्या पातीचे घर आमच्या दारासमोरच आहे. मध्ये आठ पावलांची गल्ली. चुलतभाऊ भेटला की "काय मास्तर?" म्हणतो, मी "बरं आहे" म्हणतो, आणि संभाषण संपते. दिवाळीत फराळाची ताटे साऱ्या आळीभर फिरतात. तेवढी आठ पावले ओलांडीत नाहीत. विहीर तरी आज कुठे आहे? १९८५ साली बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला, त्यामागून इतर कारखान्यांची रीघ लागली, शेतांचे प्लॉट झाले. विहीर बुजली, तिच्यावर गोदाम उभे राहिले. पाणी गेले, भांडण तेवढे राहिले.

मोडीशी आमच्या मुलखाचे नाते तसे जुने. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, ह्याने ती रूढ केली, असे परंपरा सांगते. आणि देवगिरी तर आमच्या उशाला. पुढे शतकानुशतके मराठी माणसाने हिशेब, पत्रे, करार मोडीतच लिहिले. निजामी अमलात सरकारी कारभार उर्दूत चाले, पण भावाभावांतल्या कागदाला मोडीच लागे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी असलेच कागद गोळा करीत गावेच्या गावे पालथी घातली आणि १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला. पण स्वातंत्र्यानंतर मोडी शाळेतून गेली, आणि घरोघरच्या ट्रंका एका पिढीत मुक्या झाल्या.

ही लिपी भरधाव लिहिणाऱ्याच्या सोयीची. वाचणाराची तिला फारशी पर्वा नाही. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग हात न उचलता तिला अक्षरे टांगीत जायचे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही. 'र' तर जागा पाहून रूप बदलतो. अक्षरापुढे दोन उभ्या रेघा आल्या की तो शब्दाचा संक्षेप, 'मौ॥' म्हणजे मौजे. आणि आकड्यापुढे त्याच दोन रेघा आल्या की अर्धा.

दोन महिने मी कित्ता गिरवला. रोज दोन पाने, काही केल्या खंड नाही. अक्षर मोत्यासारखे येऊ लागले आणि मी स्वतःवर खूष झालो. मग एका रविवारी ट्रंकेतला कागद उघडला. सलग पाच शब्द लागेनात! दोन महिने मी मेहनत केली होती ती फक्त जे येत होते त्याची. 'क' सुरेख येई, म्हणून मी 'क' पुन्हा पुन्हा काढी.

त्याच आठवड्यात भाचा घरी आला. तो आयटीआयमध्ये फिटरचे काम शिकतो. त्याचे हात फोडांनी भरलेले. मी विचारले, "हे कशाने रे?"

"कानस मारून, मामा. लोखंडाचा एक तुकडा चारी बाजूंनी सपाट आणि काटकोनात करायचा."

"मग मार की दिवसभर. होईल सपाट."

तो हसला. "नुसती मारून नाही होत. चार हात मारले की गुण्या लावायचा आणि तुकडा उजेडाकडं धरायचा. फटीतून उजेड दिसला की समजायचं, तिथं खड्डा आहे. मग बाजूचा उंचवटा तेवढाच घासायचा. न बघता घासलं तर सपाट होण्याऐवजी तुकडाच संपतो."

पोराने सहज सांगितले, आणि माझ्या दोन महिन्यांना त्याने गुण्या लावला. पुढे वाचनात आले की १९९३ साली अँडर्स एरिक्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दोन सहकाऱ्यांसह बर्लिनमधल्या व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली होती. अव्वल ठरलेले विद्यार्थी एकट्याने अधिक रियाज करीत. पण तो थोड्या थोड्या वेळाचा, पूर्ण लक्ष लावून केलेला, आणि मध्ये विश्रांती घेतलेला. नुसते वाजवणे वेगळे आणि सुधारण्यासाठी वाजवणे वेगळे, हे त्यांचे म्हणणे. बर्लिनच्या पंडितांचे आणि वाळूजच्या फिटरचे एकमत झालेले पाहून मी शहाणा होण्याचे ठरवले.

मुलांना देतो तसे वेळापत्रकच आखले. पहाटे पाऊण तास, कंपन्यांच्या बसगाड्यांचे भोंगे सुरू होईपर्यंत. त्याहून अधिक नाही. पहिली दहा मिनिटे फक्त कालच्या चुका. मग पाच नव्या ओळी, मुळाक्षरांचा तक्ता झाकून. मग उत्तराशी ताळा, आणि चुकलेल्या अक्षरांची यादी उद्यासाठी. रविवारी पूर्वी न पाहिलेला एक सबंध कागद. आणि सर्वांत कडक नियम : जे अक्षर डोळ्यांनी दिसले नाही, केवळ अंदाजाने लावले, त्याखाली लाल रेघ. हा नियम माझ्या धंद्यामुळे करावा लागला. मी दोन-तीन कादंबऱ्या लिहिल्या आहेत. कादंबरीकाराला रिकामी जागा सहन होत नाही, तो ती भरून टाकतो.

पहिल्या पानावर लालच लाल झाले. छोट्या पंढरपूरच्या आषाढीच्या गर्दीत दोन दिवस बुडाले, परीक्षांत चार. पण गणपतीपर्यंत पानावर लाल रेघा दोन-तीनच उरल्या, आणि एका पहाटे मी पुन्हा तो कागद उघडला.

कागद बोलू लागला. फसली सन १३५४, म्हणजे इसवी १९४४-४५. थोरल्या मुलीच्या लग्नासाठी आजोबांनी धाकट्या भावाकडून २१२॥ रुपये हाली, म्हणजे दोनशे साडेबारा, घेतले होते आणि विहिरीतला आपला हिस्सा गहाण ठेवला होता. पुढची ओळ नेमकी घडीवर. मी वाचले : 'रक्कम फिटेतो पाणी न देणे.' छाती धडधडली. घरातली गोष्ट खरी ठरली! आबांना हाक मारायला मी उठलोही.

उठता उठता वहीकडे लक्ष गेले. 'दे' खाली लाल रेघ होती.

पुन्हा बसलो. भिंग लावले, कागद खिडकीशी धरला. घडीच्या चिरेत 'द' नव्हताच. वरची मात्रा शेजारच्या 'न'ची होती. 'पाणी न देणे' नव्हे, 'पाणी नेणे'. आणि मी अजून न लावलेली पुढची ओळ सांगत होती : पाळी एक दिवसाआड. कर्ज फिटेपर्यंतही दोघांनी पाणी न्यावे, असे त्या धाकट्या भावाने लिहून दिले होते. मध्ये एक अक्षर घालून मी त्याला दुष्ट ठरवून बसलो होतो. ते अक्षर कागदावर नव्हते. सत्तर-ऐंशी वर्षे आमच्या घरात होते.

तरीही स्वतःवर विश्वास ठेवला नाही. शहरात मोडी शिकवणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना कागद दाखवला. त्यांनी माझी एक चूक काढली, एका नावातली. 'नेणे' कायम राहिले.

आबांना वाचून दाखवले त्या संध्याकाळी ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुन्हा वाच." मी वाचले. "बोट ठेवून वाच." मी बोट ठेवले.

"म्हणजे देणं आपल्याकडंच होतं," ते म्हणाले. "फिटल्याचा कागद हाय का?"

"रुमालात तरी नाही."

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "दोन प्रती काढ. बालबोधीत, चांगल्या अक्षरात. एक त्यांच्या घरी दे."

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी धाकटी मुलगी फराळाचे ताट आणि त्याखाली घडी केलेली प्रत घेऊन गल्ली ओलांडून गेली. दार उघडले, ताट आत गेले, दार लागले. दोन दिवस काही नाही. सौभाग्यवती म्हणाल्या, "ताट चांगलं पितळी होतं हो."

भाऊबिजेला चुलतभाऊ स्वतः आला. ताटात अनारसे होते आणि काखेत पिवळ्या फडक्याची गाठोडी. आबांच्या पाया पडला. बसला. चहा घेतला. कपाची कड चाचपीत शेवटी म्हणाला, "मास्तर, आमच्या घरात पण एक रुमाल हाय. कुणी वाचलाच नाही. आमच्याकडं सांगतात ती गोष्ट जरा येगळी हाय."

"काय सांगतात?" आबांनी विचारले.

मी घाईघाईने म्हणालो, "नका सांगू! आधी वाचू द्या."

दुसऱ्या दिवशी पहाटे दिवा लावून बसलो. पहिली दहा मिनिटे कालच्या चुका. मग लाल पेन्सिलीला टोक काढले आणि पिवळ्या फडक्याची गाठ सोडली.