बारा फोटो

नववीत असताना आमच्या चित्रकलेच्या सरांनी एक दिवस वर्गाच्या सगळ्या खिडक्या काळ्या कागदाने बंद करून टाकल्या. बाहेर ऑक्टोबरचे लख्ख ऊन, आत पंखा बंद आणि आम्ही चाळीस-एक मुले-मुली दाटीवाटीने बसलेलो. "सर, गुदमरून मेलो तं?" असे मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले. सर म्हणाले, "दहा मिनिटे मरू नका. मग तुमची मर्जी." त्यांनी एका खिडकीच्या कागदाला शिसपेन्सिल जाईल एवढे भोक पाडले आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत बसायला सांगितले.

आधी काहीच दिसेना. हळूहळू डोळे अंधाराला सरावले आणि भिंतीवर काहीतरी हलू लागले. मैदानातला कडुलिंब शेंडा खाली करून लटकला होता. आभाळ खाली आणि रस्ता वर! एक मुलगी सायकलवरून, चाके वर करून, उलट्या दिशेने निघून गेली. मग शाळेचा शिपाई चहाची किटली घेऊन आला, तोही डोक्यावर चालत. किटली पूर्ण उलटी, पण थेंबही सांडत नव्हता. वर्गात असा काही हशा पिकला की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दार वाजवायला आले. दार उघडताच कडुलिंब, रस्ता, शिपाई सगळे पुसले गेले.

"हाच कॅमेरा," सर म्हणाले. "कॅमेरा म्हणजे लॅटिन भाषेत खोली. तुम्ही आत्ता त्याच्या पोटात बसला आहात."

हा तास खरे म्हणजे कार्यानुभवाचा होता. शाळेत कार्यानुभव असावा अशी शिफारस कोठारी आयोगाने १९६४-६६ साली केली, ती फार मोठ्या विचाराने केली होती असे पुढे वाचनात आले. आमच्यापर्यंत पोचेतो तिची कागदी फुले आणि पायपुसणी झाली होती. सरांना पायपुसण्यांचा कंटाळा आला असावा. त्यांच्याजवळ तरुणपणी घेतलेला 'अॅगफा क्लिक थ्री' होता, बडोद्याला तयार झालेला, काळा आणि डब्यासारखा. त्यात फिरवायला फारसे काही नाही. ऊन आहे की ढग, एवढे ठरवायचे आणि खटका दाबायचा. एका रोलवर बारा फोटो. सरांच्या उमेदवारीच्या काळात रोल घेणे म्हणजे महिन्याच्या खर्चातून काहीतरी कापणे होते. म्हणून तो डबा गळ्यात घालून ते कित्येकदा दिवसभर हिंडत आणि एकही फोटो न काढता घरी येत.

आमच्याजवळ रोल नव्हते, मोबाईल होते. म्हणजे घरच्यांचे. सरांनी नियम घातला: मोबाईलवर काढा, पण बाराच. काढलेला पुसायचा नाही. प्रत्येक फोटोपुढे वहीत लिहायचे की उजेड कोणत्या बाजूने होता, आपण कुठे उभे होतो आणि हाच क्षण का. शेवटच्या प्रश्नाने आमचा जीव खाल्ला. 'चांगला वाटला म्हणून' असे लिहिले की सर त्याखाली लाल रेघ ओढत.

पहिले काम तांब्याचे. एकच तांब्या, आठवडाभर. सकाळी ओट्यावर, दुपारी पत्र्याखाली, संध्याकाळी देवळीजवळ. माझ्या आईला वाटले की पोरगा बिघडला. पण चौथ्या दिवशी मला दिसले की तिन्हीसांजेच्या आडव्या उजेडात तांब्याचे पोचे दिसतात आणि भर दुपारी तोच तांब्या सपाट होऊन जातो. तांब्या तोच होता. इतकी वर्षे मी त्याने पाणी पीत होतो आणि त्याला पोचे आहेत हे मला ठाऊक नव्हते.

मग गोष्ट सांगण्याचा धडा आला. सर फाळक्यांची हकीकत सांगत. सिनेमा काढायला पैसे कोण देणार, म्हणून दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि कॅमेरा समोर मांडून रोज थोडेथोडे चित्र टिपले. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटा-दोन मिनिटांत उलगडली. ते बघून भांडवल देणारा तयार झाला आणि पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' आला. "बघा," सर म्हणत, "राजा नाही, राणी नाही, मारामारी नाही. तरी पुढे काय होणार असे वाटते की नाही? गोष्ट म्हणजे तेवढेच."

दुसरी हकीकत मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन बाईंची. १९४६ साली त्या 'लाइफ'साठी गांधीजींचा फोटो काढायला आल्या, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की आधी चरखा चालवायला शिका. त्या बसल्या, शिकल्या. मग फ्लॅशचे तीनच बल्ब वापरायची परवानगी मिळाली. दोन फुकट गेले आणि तिसऱ्यावर तो जगप्रसिद्ध फोटो निघाला. पुढे मोठा चरखा, मागे कात्रणे वाचणारे गांधीजी. आम्ही सगळे त्या तीन बल्बांवर खूष झालो. चरख्याचा भाग मी वहीत लिहूनसुद्धा घेतला नाही.

२०१९ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी सरांनी काम दिले: बारा फोटोंत एक गोष्ट. दुरून काढा, जवळून काढा, अगदी जवळून काढा. मी आमचा संत्र्याचा बगीचा घेतला.

काटोल-नरखेड भागातल्या माणसाला तो उन्हाळा सांगावा लागत नाही. विहिरी तळाला गेल्या होत्या. आमच्या विहिरीत मोटार दहा मिनिटे चाले आणि मग नुसती हवा ओढी. बाबांनी टँकर विकत आणले, आधी आठवड्याला दोन, मग एक. अखेर एके दिवशी जेवताना ते म्हणाले, "आता पुरे." झाडे चौदा वर्षांची होती, माझ्याच वयाची, हे आई नेहमी सांगे. पाने चुरगळून काडीसारखी झालेली, फांद्यांवर वाळकी बोराएवढी फळे.

मी फोटो काढत होतो. पहिला दुरून, भुरकट पडलेल्या ओळींचा. दुसरा विहिरीचा, वरून. तिसरा टँकरच्या नळीखाली धरलेल्या आईच्या हातांचा. चौथा, पाचवा, सहावा बरे होते. सातवा हलला. आठवा कुऱ्हाडीला धार लावण्याचा, त्यात ठिणगी आली होती आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

नववा फोटो मेमधल्या एका दुपारचा आहे. पहिली ओळ पाडून मजूर भाकरी खायला निघून गेले होते. बाबा एकटेच पडलेल्या झाडाशेजारी जमिनीवर बसले. डोक्याचा दुपट्टा सोडून त्यांनी तोंडावर धरला आणि तसेच बसून राहिले. खांदे हलत होते. मी मोटारीच्या खोलीमागे उभा होतो. ऊन उतरू लागले होते, उजेड डावीकडून येत होता, झाडाची सावली बरोबर त्यांच्या पायापर्यंत आली होती. हे सगळे मी पाहिले. हात अजिबात थरथरला नाही. खटका दाबताक्षणी मला कळले की हा आपला सर्वांत चांगला फोटो आहे.

वहीत 'हाच क्षण का' यापुढे मी लिहिले: 'सावली पायापर्यंत आली म्हणून.' सरांनी त्याखाली रेघ ओढली नाही. उत्तर बरोबरच होते.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर वर्गात प्रदर्शन लागले. गावातल्या स्टुडिओतून छापून आणलेले फोटो सुतळीवर कपड्यांच्या चिमट्यांनी टांगलेले. गर्दी माझ्या नवव्या फोटोपाशी थांबत होती. मराठीच्या बाई डोळे पुसत होत्या. मी शेजारी उभा राहून नववा फोटो कसा काढला ते सांगत होतो. तेवढ्यात बाबा आले. आईने त्यांना आग्रहाने पाठवले होते, इस्त्रीचा सदरा घालून. त्यांनी पहिल्यापासून एकेक फोटो बघितला, हात मागे बांधून, देवळात बघावे तसे. नवव्यापाशी आले, थांबले. भोवतालच्या लोकांनी त्यांना ओळखले आणि वाट करून दिली. तेच वाईट झाले. ते काही बोलले नाहीत. लाडूची पुडी हातात तशीच घेऊन निघून गेले.

रात्री अंगणात खाटेवर पडल्यापडल्या त्यांनी विचारले, "तू कुठी होता तवा?"

"मोटारीच्या खोलीमागं."

बराच वेळ गेला. मला वाटले झोपले.

"आवाज द्याचा होता नं," ते म्हणाले. "पानी तरी आनून दिलं असतं."

रागावले असते तर माझ्याजवळ उत्तर होते. कलेबद्दल, दुष्काळ जगाला दिसला पाहिजे याबद्दल मी दुपारभर मनात तयारी केली होती. पाण्याला उत्तर नव्हते. हंडा मोटारीच्या खोलीतच होता, माझ्यापासून चार पावलांवर.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितले. मला वाटले ते समजूत घालतील. त्यांनी सुतळीवरून तो फोटो काढला, पाकिटात घालून माझ्या हातात दिला आणि वही मागितली. पाने उलटून म्हणाले, "तुझे तीन शिल्लक आहेत." बस्स, एवढेच. मला त्यांचा रागच आला तेव्हा.

दहावा फोटो निघायला जवळजवळ वर्ष लागले. २०२० च्या पावसाळ्यात, टाळेबंदीच्या गोंधळातच, बाबांनी अर्ध्या वावरात पुन्हा संत्रा लावायचे ठरवले. जंबेरीवर डोळा भरलेली कलमे आली. खड्डे मी आणि बाबांनी खणले, मजूर परवडणार नव्हते. माझ्या हाताला फोड आले. चार दिवसांनी शेवटच्या ओळीशी मी विचारले, "बाबा, एक फोटो काढू?"

"थांब," ते म्हणाले. हात धुतले, टोपी सारखी केली, कलमाशेजारी ताठ उभे राहिले. आधार कार्डाच्या फोटोत असतात तसे. भर दुपारचा उजेड डोक्यावर, चेहऱ्यावर टोपीची काळी सावली, मागे विजेचा खांब बरोबर डोक्यातून उगवलेला. सरांच्या वर्गात या फोटोला कोणी विचारले नसते. आईने तो मोठा करून घेतला, चौकट बसवली, तो आमच्या पुढच्या खोलीत आहे. आल्या-गेल्याला बाबा स्वतः दाखवतात आणि खांबाबद्दल आजवर कोणीही काही बोललेले नाही.

नववा फोटो मी आईजवळ देऊन टाकला होता. तिने फाडला असेल असे धरून चाललो होतो. पुढे कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी सातबारा हवा होता म्हणून मी बाबांची पत्र्याची पेटी उघडली. सातबारा, बँकेची पासबुके, टँकरवाल्याच्या पावत्या, आणि त्यांच्या मधोमध सरांचे ते पाकीट. पाकिटावर बाबांनी बॉलपेनने फक्त तारीख घातली होती, मे २०१९. मी सातबारा काढून घेतला आणि बाकीचे होते त्याच क्रमाने परत ठेवले.