मांडणी

२०१९च्या उन्हाळ्यात माण तालुक्यातील आमच्या गोठ्यात दोनच गाई उरल्या होत्या. आदल्या ऑक्टोबरात राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता आणि भावकीतली जनावरे एकेक करून छावणीला लागली होती. आबा मात्र हटून बसले होते. दावणीचे जनावर परक्या मांडवाखाली बांधणे त्यांना घर मोडल्यासारखे वाटे. उत्तरपत्रिका तपासून मी गावी गेलो, तो मातीविना मका उगवण्याची मांडणी उभारायची असे ठरवूनच.

‘मांडणी’ हा शब्द मी पंधरा वर्षे वर्गात वापरत आलो होतो: विषयाची मांडणी, विचारांची मांडणी. हाताने मांडणी करण्याची वेळ ही पहिलीच. बांबूचे चार मजले सुतळीने आवळले, भोके पाडलेले ट्रे किंचित उतार देऊन ठेवले, वरून शेडनेट ओढली. औषध न लावलेला मका १२ तास भिजवायचा, ओल्या गोणपाटात दिवसभर दडपायचा, मोड आले की ट्रेमध्ये पसरायचा आणि दर दोन-तीन तासांनी पाण्याचा हलका फवारा द्यायचा, एवढेच शास्त्र. पहिल्या खेपेला थर जाड झाला, बुरशी धरली, गोठ्यात आंबूस वास सुटला. असा चारा जनावराच्या जिवावर बेतू शकतो. सारा उकिरड्यावर गेला. विकतच्या मक्याची ती नासाडी पाहूनही आबा काही बोलले नाहीत.

दुसऱ्या खेपेला दाणे नीट धुऊन विरळ पसरले. नवव्या दिवशी मुळांसकट हिरवी घोंगडी हातात आली. १ किलो मक्याचा ६ किलो चारा! मी मोठ्या उत्साहाने तराजू आबांपुढे धरला. त्यांनी एक मूठ पिळली. बोटांतून पाणी ठिबकले.

‘‘मास्तर, ह्ये वजन पान्याचं हाय. कडबा कुटं हाय?’’

उत्तर मला ठाऊक होते. मी ते मनातच दडपले होते. त्या ६ किलोंत ५ किलोंहून अधिक पाणीच होते. अंकुर वाढतो तो दाण्यातलेच सत्त्व खर्चून. म्हणून कोरडा अंश मूळ दाण्यापेक्षा थोडा कमीच भरतो. ही हिरवळ गाईला रुचते, पचते. पोट भरायला मात्र कडबा लागतो. आणि कडबाच नव्हता.

त्याच आठवड्यात आबांनी स्वतः दोन्ही गाई छावणीत नेल्या. दावे सोडताना त्यांनी मला हाक मारली नाही. मांडणीवरचा शेवटचा ट्रे मात्र वाटेत चारायला म्हणून सोबत घेतला.

आता निबंधावर ‘मांडणी उत्तम’ असा शेरा लिहिताना माझी लेखणी थबकते. आबांची ती मूठ आठवते आणि मी ते पान पुन्हा एकदा वाचतो.