रॉकेलचा बोळा आणि कंट्रोल-झेड

ड्रॉइंग टॅब्लेट घेतला की चित्रं काढता येतात, असा आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा एक गोड समज आहे. ट्रेडमिल घेतली की वजन उतरतं, त्याच जातीचा. ट्रेडमिलवर निदान टॉवेल तरी वाळत घालता येतो, टॅब्लेटवर तेही नाही! तरीही गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी एक घेतलाच, आणि तेव्हापासून शनिवार-रविवारची सकाळ सुकापूरच्या घरी खिडकीशी बसून रेघोट्या मारण्यात जाते. आता सांगण्यासारखं थोडं काही साठलंय, म्हणून हा प्रपंच.

आधी हे यंत्र काय आहे ते सांगतो. माझा टॅब्लेट म्हणजे स्क्रीन नसलेली काळी पाटी. पेन पाटीवर फिरवायचं आणि चित्र समोरच्या मॉनिटरवर उमटतं. पेनात सेल नाही. पाटीच्या पोटात तारांची जाळी असते, ती सतत सिग्नल सोडते, पेनातली छोटी कॉइल त्याला प्रतिसाद देते आणि त्या प्रतिसादावरून पेन कुठे आहे ते पाटीला कळतं. वॅकॉम या जपानी कंपनीनं १९८०च्या दशकात हे तंत्र बाजारात आणलं, आता बऱ्याच कंपन्या ते वापरतात. पेन किती दाबलंय तेही कळतं. माझ्या पेनाला दाबाच्या ८१९२ पायऱ्या आहेत, म्हणजे दोनाचा तेरावा घात. वीस वर्षं कीबोर्ड बडवलेल्या माझ्या हाताला त्यातल्या दोनच ठाऊक होत्या : हलकं आणि जोरात.

पहिला महिना हात इथे आणि नजर तिथे ठेवायला शिकण्यात जातो. त्यातही दोन गोष्टी आधीच केल्या तर त्रास वाचतो. एक म्हणजे पाटीचं आणि मॉनिटरचं प्रमाण जुळवून घ्यायचं. मॉनिटर १६:९ आणि पाटी १६:१० असेल तर पाटीवर काढलेला गोल वर्तुळ चक्क बटाट्यासारखं दिसतं, आणि माणूस बिचारा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये एक टिकमार्क असतो, तेवढा करायचा. दुसरं म्हणजे पाटीवर साधा कागद चिकटवायचा. गुळगुळीत प्लास्टिकवर पेन घसरतं, कागदावर जरा धरून चालतं. टोक लवकर झिजतं, पण ती किंमत परवडते.

सॉफ्टवेअर म्हणाल तर मी क्रिता वापरतो. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, आणि १९९९पासून जगभरचे लोक मिळून ते घडवतायत. त्यातल्या ब्रशांची यादी बघूनच छाती दडपते. शाळेत एलिमेंटरीच्या परीक्षेला आपल्याकडे एक बारा रंगांचा पोस्टर कलरचा डबा, दोन ब्रश आणि पाण्याचा मग असायचा. त्यातही पांढरा रंग संपलेला. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन, एवढं सगळं त्यात उरकायचं. आठवतंय ना?

आता वस्तुचित्राला माझ्यासमोर प्रबळगड आहे. आमच्या खिडकीतून पूर्वेला, माथेरानच्या रांगेच्या अलीकडे, त्याचा सपाट माथा आणि बाजूला कलावंतिणीचा सुळका, मधली ती इंग्रजी व्हीसारखी खाच. कोणालाही हे काढायला सांगा, डोंगर अर्धा कागद व्यापतो. इंजिनिअर असल्यामुळे मी हिशेब केला : डोंगर साधारण सातशे मीटर उंच, इथून सरळ रेषेत दहाएक किलोमीटर. म्हणजे हात लांब करून पेन उभं धरलं, तर पायथ्यापासून माथ्यापर्यंत सगळा प्रबळगड पेनाच्या जेमतेम चार सेंटिमीटरमध्ये बसतो! आपण डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, डोंगर मोठा आहे हे जे मनाला माहीत असतं ते काढतो. हे ज्ञान कुठल्याही ब्रशाच्या यादीत नसतं.

पण खरं बोलायचंय ते कंट्रोल-झेडबद्दल. रेघ ओढली, आवडली नाही, कंट्रोल-झेड. पुन्हा ओढली, पुन्हा कंट्रोल-झेड. सुरुवातीला वाटतं, काय सोय आहे! काही आठवड्यांनी लक्षात येतं की डावा हात उजव्यापेक्षा जास्त काम करतोय. एकाच रेघेवर पंधरा-वीस प्रयत्न, शेवटी त्यातला एखादा बरा निघतो तो योगायोगानं. प्रोग्राम समजून न घेता नुसते आकडे बदलून बघत राहावं आणि कधीतरी तो चालावा, तसं. चाललेला प्रोग्राम हातात येतो, पण तो का चालला ते काही कळत नाही.

याचं उत्तर मला ट्युटोरियलमध्ये नाही, आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर मिळालं.

तिथे एक काका राहतात, मूळचे सांगलीकडचे. सगळे त्यांना 'पेंटर' म्हणतात. आपल्याकडे ही पदवीच आहे. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवता रंगवता 'बाबूराव पेंटर' झाले, आणि पुढे १९२०मध्ये 'सैरंध्री'सारखा सिनेमा काढूनही पेंटरच राहिले. आमच्या पेंटरकाकांनी सिनेमा काढला नाही, पण पनवेल परिसरातल्या दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या मागच्या फळ्या, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार आणि निवडणुकीच्या भिंती असं बरंच काही रंगवलं. मग फ्लेक्स आला. २००० नंतरच्या दहाएक वर्षांत हा धंदा गावोगाव बसला, तसा त्यांचाही बसला. हल्ली ते एका नव्या इमारतीच्या गेटवर रात्रपाळी करतात. त्या गेटवर बिल्डरचा भला मोठा फ्लेक्स आहे.

एका रविवारी ते काही कामासाठी वर आले आणि टॅब्लेट बघून खुर्ची ओढून बसले. मी उत्साहानं एकेक गोष्ट दाखवायला लागलो. लेयर दाखवला. "म्हणजे खडूनं आधी मारतो तेच की." सरळ रेषेचं टूल दाखवलं. "दोरी." खडू लावलेली दोरी दोन टोकांना ताणून मधे टिचकी मारायची, हे त्यांचं टूल. कॉपी-पेस्ट दाखवलं, तर म्हणाले कागदाला टाचणीनं भोकं पाडायची, भिंतीवर धरायचा आणि वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची, एकाच नक्षीच्या पन्नास उठतात. मग स्टॅबिलायझर. हा म्हणजे पेनाच्या मागच्या काही बिंदूंची सरासरी काढून थरथर घालवणारा प्रकार. ते हसले. "आमची काठी. एक टोक बोर्डावर टेकवायचं आणि तिच्यावर मनगट ठेवायचं."

शेवटी मी हुकुमाचं पान काढलं आणि कंट्रोल-झेड दाबलं. रेघ गायब!

"आमच्याकडं पण होतं की हे," ते म्हणाले. "रॉकेलचा बोळा."

"मग फरक काय काका?"

"बोळा मारला की जमीन खराब होते. डाग राहतो, चमक जाते, परत सारखी करत बसावं लागतं. शिवाय खाली दुकानाचा मालक उभा असतोय बघत. त्यामुळं ब्रश टेकवायच्या आधी हवेत एकदा अक्षर काढून बघायचं. जमतंय वाटलं की मगच टेकवायचा."

जमीन म्हणजे पाटीचा मागचा रंग, बरं का. मला वाटतं सगळं मर्म यात आलं. पुसायची सोय त्यांच्याकडेही होती, फक्त ती फुकट नव्हती, आणि त्या किमतीपोटी ब्रश टेकवण्याआधी ते क्षणभर थांबत. टॅब्लेटनं किंमत शून्यावर आणली आणि तो क्षण गेला. शिकणं मात्र त्या क्षणात होतं, कारण तेव्हाच हात आणि डोकं एकमेकांशी बोलतात.

त्या संध्याकाळी मी क्रिताच्या सेटिंगमध्ये जाऊन अनडूची मर्यादा तीनवर आणली. तीन वेळा पुसता येईल, चौथ्यांदा रॉकेल संपलं! आता पेन पाटीच्या किंचित वर धरून रेघ आधी हवेत काढतो, मनगटानं नाही तर खांद्यातून. चित्रं एकदम सुधारली असं नाही, पण दर रविवारी प्रबळगडाचं एक चित्र पुरं होतं, डाग असतील तर डागांसकट.

असो. त्या दिवशी मी त्यांच्या हातात पेन दिलं. नजर तिथे आणि हात इथे हे त्यांना जड जाईल असं वाटलं होतं, तर पाच मिनिटांत सरावले. म्हणाले, "शिडीवर दोन फुटी अक्षर नाकासमोर असतंय. पुरं दिसतंय कुठं? हातालाच ठावं असतं. खाली उतरून बघायचं." स्टॅबिलायझर बंद करायला लावला, कारण त्यात कोपरे गोल होत होते. बरोबरच आहे, सरासरी काढणाऱ्याला थरथर आणि मुद्दाम घेतलेलं वळण यातला फरक कसा कळणार? मग चपटा ब्रश घेऊन त्यांनी 'अ' काढला. एकदाही न पुसता. मी स्क्रीनकडे बघत राहिलो. ज्या धंद्यानं या माणसाचं काम काढून घेतलं, त्याच धंद्याचा पगार मी घेतो, हे त्या क्षणी जरा टोचलं.

म्हणून त्यांना र. कृ. जोशींबद्दल सांगितलं. आर. के. जोशी मोठे सुलेखनकार, पवईच्या आयआयटीत आयडीसीमध्ये शिकवायचे. २००८मध्ये गेले. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं आपण जो 'मंगल' फॉन्ट वाचला तो त्यांचा. म्हणजे स्क्रीनवरच्या अक्षरामागेही कोणाचातरी हात असतो. आणि हनीफ कुरेशींबद्दल सांगितलं. त्यांनी रस्त्यावरच्या पेंटर लोकांची अक्षरं गोळा करून त्यांचे फॉन्ट करायचा 'हँडपेंटेडटाइप' हा प्रकल्प चालवला, आणि फॉन्टला त्या त्या पेंटरचंच नाव दिलं. 'पेंटर कफील', 'पेंटर उमेश' अशी. कुरेशी २०२४मध्ये गेले, फॉन्ट राहिले.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमचं अक्षर कोण घेणार?"

मी म्हटलं, मी घेतो.

तेव्हापासून रविवारी सकाळी रात्रपाळी संपवून ते वर येतात, चहा होतो, आणि दोन-तीन अक्षरं होतात. देवनागरीचा फॉन्ट म्हणजे नुसती मुळाक्षरं नव्हेत. काना-मात्रा-वेलांट्या, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं धरली तर काहीशे आकार. एवढं कधी पुरं होईल कोण जाणे. माझीही शिकवणी त्यातच होते. ते एक अक्षर काढतात, मी शेजारच्या लेयरवर तेच काढतो, आणि ते बोट दाखवून माझं कुठे मेलं ते सांगतात. पोट कुठे भरायचं, शेपूट कुठे सोडायचं, शिरोरेषेला किती श्वास द्यायचा. प्रबळगडाच्या कडेलाही तेच नियम लागतात, हे मला आता दिसायला लागलंय.

सध्या गाडी 'ळ'वर अडलीय. वळणावर ते ब्रश बोटांत फिरवतात, त्यामुळे रेघ जाड होत होत पुन्हा बारीक होते. माझ्या पेनाला दाबाच्या ८१९२ पायऱ्या कळतात, पण बोटांत फिरवलेलं कळत नाही. पेन स्वतःभोवती किती वळलं ते बहुतेक पेनांना कळतच नाही. रेघेच्या दिशेप्रमाणे ब्रश वळेल असं सेटिंग लावून बघितलं. मला तर झकास वाटला. काकांनी चष्मा वर केला, जवळ जाऊन बघितलं आणि म्हणाले, "मशीनचा आहे. पूस."

पुसला. पुढच्या रविवारी ते घरातून जुना ब्रश आणि काळ्या रंगाचा डबा घेऊन येणार आहेत. 'ळ' कागदावर काढू, फोटो घेऊ आणि मग त्यावरून पेननं गिरवू. रॉकेल मात्र आता कुठे मिळतंय? टर्पेंटाइन आणून ठेवलंय.