सीताफळ मात्र पाकिटात राहत नाही

छत्रपती संभाजीनगर,
ऑक्टोबर

प्रिय नलू,

दीड महिन्यानंतरही चिवडा कुरकुरीत निघाला म्हणून तू माझ्या हाताचं कौतुक केलंस. ते मी ठेवून घेतलंय. पण खरं सांगू? अर्धं श्रेय त्या चंदेरी पाकिटाचं आहे. आणि तसल्या पाकिटांची फिल्म कुठे बनते माहितीय? आपल्याच वाळूजला नि शेंद्र्याला! कॉस्मो फर्स्ट, म्हणजे पूर्वीची कॉस्मो फिल्म्स, ही १९८१ सालची कंपनी. तिचे इथे कारखाने आहेत. कॉलेजात असताना वाळूज म्हणजे आपल्याला नुसत्या बसगाड्या आणि भोंगे!

पॉलिप्रॉपिलीन वितळवून त्याचा पत्रा ओततात, मग तो आधी लांबीत आणि नंतर रुंदीत ताणतात. पुरणपोळीसारखा, फाटू न देता. केसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकी पातळ फिल्म होते. ती दमटपणा छान अडवते, पण प्राणवायू बराच आत सोडते. म्हणून निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ करून तिच्यावर नावापुरता थर बसवतात. तोच चंदेरी रंग. तेल खवट करणारा प्राणवायू आणि उजेड दोन्ही बहुतेक बाहेरच. आमच्या कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्याने आत नायट्रोजन भरून तोंड सील करून दिलं. वेफर्सवाले हवा विकतात असं आपण म्हणायचो ना, ती ही हवा. अर्थात पाकीट मोठं दिसावं हा हेतू नसतोच, असं मी म्हणणार नाही! आजी लोणच्यावर चार बोटं तेल ठेवायची, तेही हवा अडवायलाच.

आता तुझी दुसरी फर्माईश, सीताफळ. दौलताबादच्या रस्त्याला सध्या टोपल्याच टोपल्या आहेत. मागच्या वर्षी पुण्याच्या नणंदेसाठी मी हुशारी केली. डोळे उघडलेली सहा फळं प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि गच्च गाठ मारली. तिथे पिशवी उघडली तर आंबूस, दारूसारखा भपकारा. तिने फोनवर काय काय ऐकवलं, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

चूक माझीच. चिवडा मेलेला, सीताफळ जिवंत. तोडल्यावरही ते श्वास घेत असतं. प्राणवायू पार संपला की आतल्या आत आंबतं. फळांच्या पिशव्यांना बारीक भोकं असतात ती याचसाठी. प्राणवायू कमी करायचा, म्हणजे फळ हळू पिकतं. पण संपवायचा नाही. सफरचंदं अशा हवेत महिनोन्‌महिने राहतात. सीताफळ इतकं अधीर की तोडल्यावर तीन-चार दिवसांत मऊ. फ्रीजमध्ये घालावं तर साल काळी पडते. गर काढून गोठवतात खरा, पण बिया थुंकत खाण्याची मजा त्यात कुठली!

तेव्हा यंदाही चिवडाच पाठवतेय. पाकीट रिकामं झालं की खिडकीशी धरून बघ, त्या चांदीतून अंधूकसा उजेड आरपार दिसतो. मँचेस्टरला ऊन पडेल त्या दिवशी.

तुझीच,
कुंदा