साल आणि साखर

परभणीच्या आठवडी बाजारात भाजीच्या ओळी संपल्या की जडीबुटीची पथारी लागते. बाभळीची, जांभळाची, अर्जुनसादड्याची साल. उंबराची तांबूस अंतरसाल वेगळ्या गठ्ठ्यात. "मावशी, शुगरवर कोणती?" म्हटलं की ती चार साली एकत्र बांधून देते. "रातच्याला भिजू घाला, सकाळी उकळा, पाव राहिलं की अनशापोटी घ्या." साल किती, पाणी किती, हे मात्र मुठीवर. माझं सगळं अडतं ते त्या मुठीशी.

*

शुगरवर आणखी एक नाव निघतं, बिवळा म्हणजे विजयसार. आमच्या काळ्या रानातलं हे झाड नव्हे, लाकूड बाहेरून येतं. त्याच्या पेल्यात रात्री पाणी ठेवलं की सकाळी ते तांबूस होतं आणि उन्हात धरलं तर कडेला निळसर झाक मारते. काही आठवड्यांनी रंग सुटेनासा होतो, तेव्हा पेला बदलायचा. इथे औषधी भाग साल नाही, गाभ्याचं लाकूड आहे. विकताना हा फरक फारसा कुणी करत नाही.

या झाडाची गोष्ट नुसती ऐकीव नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने चार केंद्रांवर, नुकताच मधुमेह निघालेल्या ९७ जणांना मोजून विजयसार दिला. १९९८ साली निष्कर्ष छापून आले: १२ आठवड्यांत ६७ जणांची साखर आटोक्यात. तुलनेला दुसरा गट नव्हता, हेही लक्षात ठेवायचं. पण मात्रा मोजलेली होती, तपासणी होती. म्हणून मला हे काम मोलाचं वाटतं.

*

ओळखीतल्या एका काकांनी काढा सुरू केला आणि त्याच आठवड्यात गोळी सोडली. "दोन-दोन कशाला?" तुरीचं धसकट पायात गेलं. पायाला मुंग्या असायच्याच, त्यामुळे कळलंही उशिरा. जखम भरेना. शेवटी एक बोट काढावं लागलं. सालीनं त्यांचं काही बिघडवलं नाही. गोळी सुटली त्यानं बिघडलं.

*

सुश्रुतसंहितेत प्रमेहावर, म्हणजे मधुमेह ज्यात येतो त्या विकारांवर, झाडांचे काढे आहेत. शिवाय ज्याच्याकडे पैसा नाही त्यानं अनवाणी शंभर योजनं चालावं, कुणी गाईंमागे फिरावं, कुणी विहीर खणावी, असंही सांगितलं आहे. साल विकत घेणारे पुष्कळ. हा भाग कुणी विचारत नाही.

*

सालीतून मधुमेहाचं औषध निघाल्याची खरी गोष्ट सफरचंदाच्या झाडाची. १८३५ मध्ये युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या मुळाच्या सालीतून फ्लोरायझिन हे कडू द्रव्य वेगळं काढलं. सिंकोनाच्या सालीसारखं तापावर चालेल, ही आशा. पुढे १८८६ च्या सुमारास जर्मन डॉक्टर योसेफ फॉन मेरिंग यांना दिसलं की ते दिल्यावर लघवीतून साखर जाते. आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० ग्रॅम साखर गाळतात आणि जवळजवळ सगळी परत रक्तात ओढून घेतात. फ्लोरायझिन ती परतीची वाट अडवतं. मग नुसती सालच का उकळू नये? कारण पोटातून घेतलं तर ते आतड्यातच मोडतं, शोषलं जात नाही आणि जुलाब होतात. रसायनशास्त्रज्ञांनी त्याची घडण बदलत नेली, तेव्हा डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या आल्या. भारतात २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपल्यावर ती गोळी स्वस्त झाली. साल ते गोळी, पावणेदोनशे वर्षं. बाभूळ-जांभळाच्या सालींवर इतका जीव लावून कुणी काम करावं, असं मला फार वाटतं.

*

"शंभर टक्के आयुर्वेदिक" पुड्यांची मला सालीपेक्षा जास्त भीती वाटते. अशा चूर्णांत ग्लिबेनक्लामाइडसारखी गोळी कुटून मिसळलेली तपासण्यांत सापडली आहे. चार दिवसांत साखर उतरते, माणूस खूश होतो. मग एखाद्या दुपारी न जेवता रानात असताना दरदरून घाम, हातपाय लटपट.

*

झाडाचंही पाहायला हवं. पानात तयार झालेलं अन्न अंतरसालीतूनच मुळांकडे जातं. बुंध्याभोवती पूर्ण कडं सोललं की मुळं उपाशी राहतात, झाड वाळतं. जाणता वैदू एका बाजूची अरुंद पट्टीच काढतो.

*

काढा चालूच असेल तर दवाखान्यात सांगावं, पुडी सोबत न्यावी. गोळी आपल्या मनानं सोडू नये. सुरू करण्याआधी आणि तीन महिन्यांनी 'तीन महिन्यांची साखर' (एचबीए१सी) तपासावी आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवावेत.