भांडार आणि दुकान

नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. त्या दिवसांत धर्मग्रामाच्या कार्यालयात मिस्सा नोंदविणाऱ्यांची रीघ लागलेली असते. अशाच एका सायंकाळी एक वृद्ध विधवा माझ्या मेजासमोर येऊन उभी राहिली. पतीच्या नावे मिस्सा हवी होती. पदराची गाठ सोडीत तिने विचारले, “फादर, मिस्सेचे किती झाले?” पावतीपुस्तकातून मान वर न करताच मी आकडा सांगितला. तिने पैसे मोजून ठेवले, पावती घेतली आणि ती निघून गेली. तिला ‘बसा’ म्हणायचेही मला सुचले नाही.

रात्रीची प्रार्थना आटोपली तरी तिचे शब्द कानांतून जाईनात. ‘किती झाले?’ हा प्रश्न माणूस दुकानात विचारतो. झोप येईना, तेव्हा सेमिनरीच्या दिवसांपासून जपलेला इंग्रजी शब्दकोश काढला. शब्दांची जुनी घरे धुंडाळण्याचा नाद मला तेथेच लागला. त्या रात्री सहजच ‘शॉप’ हा शब्द उघडला, आणि समोर पुन्हा एक विधवाच उभी राहिली!

हजार वर्षांपूर्वी शुभवर्तमान जुन्या इंग्रजीत उतरविणाऱ्याने लूकच्या २१व्या अध्यायात मंदिराच्या खजिन्यासाठी ‘शेओप्पा’ हा शब्द योजिला होता. त्या गरीब विधवेने आपली दोन नाणी ज्यात टाकली, तोच हा खजिना. आजचा ‘शॉप’ हा शब्द याच कुळातला. गाईगुरांच्या गोठ्यासाठी असलेला एक जुना इंग्रजी शब्दही याच कुळातला मानतात. पुढे शॉप म्हणजे कारागिराची खोपटी झाली. तेथेच वस्तू घडायची आणि तेथेच विकली जायची. ‘वर्कशॉप’ या शब्दात तो अर्थ अजून टिकून आहे. केवळ विक्रीची जागा हा अर्थ शेवटी उरला. आपल्या मराठीतही काही वेगळे घडलेले नाही. देवस्थानाचा ठेवा तेही भांडार, आणि किराण्याचे दुकान तेही भांडारच.

पुढच्या महिन्यात बिशपस्वामी दृढीकरण संस्कारासाठी आमच्याकडे यावयाचे होते. म्हणून ‘बिशप’ हा शब्दही पाहिला. मूळ ग्रीक शब्द ‘एपिस्कोपोस’, म्हणजे देखरेख करणारा. जुन्या इंग्रजीत त्याचे क्रियापदही होते. बालकाला ‘बिशप करणे’ म्हणजे त्याला दृढीकरण देणे. परंतु घोड्यांच्या बाजारात याच क्रियापदाचा अर्थ निराळा होता. म्हाताऱ्या घोड्याचे दात घासून व डागून त्याला तरुण म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणे, हेही ‘बिशप करणे’च! हा अर्थ बिशप आडनावाच्या कोणा माणसावरून आला असे सांगतात. डॉ. जॉन्सनच्या १७५५ सालच्या कोशात तर द्राक्षारस, संत्री आणि साखर यांच्या मिश्रणालाही बिशप हेच नाव दिलेले आढळते.

येथवर मी हसत होतो. पुढे मात्र हसू मावळले. चुलीवरचे अन्न करपले की जुन्या इंग्लंडात ‘बिशपने भांड्यात पाय घातला’ असे म्हणत. विल्यम टिंडेलने १५२८ साली या म्हणीचे कारण लिहून ठेवले आहे: बिशप आपल्या मर्जीबाहेर गेलेल्यांना जाळतात, म्हणून. १५३६ साली खुद्द टिंडेललाच गळा आवळून मारण्यात आले आणि त्याचा देह जाळण्यात आला.

वाचकहो, बिशप म्हणजे मेंढपाळ, असे आम्ही सेमिनरीत शिकतो आणि व्यासपीठावरून शिकवितो. पण करपलेल्या भांड्याशी उभ्या असलेल्या त्या गृहिणीने तो अर्थ कोशातून घेतला नव्हता. तिने जे पाहिले, ऐकले, सोसले, त्यातून घेतला होता. ‘फादर’ या शब्दाचा अर्थही माझ्या धर्मग्रामातील माणसे अशीच ठरवीत असणार. त्या सायंकाळी त्या माउलीने माझ्या मेजाला दुकान मानले, यात तिची चूक ती काय? गल्ला मीच मांडून बसलो होतो. तिने मात्र आपले पैसे भांडारातच टाकले होते.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो आणि तिच्या पतीविषयी विचारले. ते विहीर खणण्याच्या कामावर जात, त्यांचा आवाज गोड होता, नाताळची गीते तेच सुरू करीत, असे ती सांगत राहिली. चहा निवून गेला. निघताना ती म्हणाली, “फादर, आता त्यांची मिस्सा सांगाल, तेव्हा ते तुमच्या ओळखीचे असतील.”

आता कार्यालयात माझ्या मेजासमोर एक खुर्ची कायम ठेविली आहे. पैशांची पेटी दाराशी असते. ज्याला जे जमेल ते त्याने टाकावे. कोणी मिस्सा नोंदवायला आले, की मी आधी त्यांना बसावयास सांगतो आणि गेलेल्या माणसाविषयी विचारतो. पावतीपुस्तक खणात असते. ते काढावयाचे कित्येकदा राहूनच जाते, आणि मग खजिनदार माझ्यावर रागावतात.